दिल्लीचा गणितवर्ग

पानिपत हा शब्द मराठी माणसाच्या कानी पडला की १७६१ सालचा जानेवारी महिना त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो आणि मन तेथेच थांबते. पण गावे लढाईनंतरही नांदत असतात. त्या संहाराला साठ वर्षे लोटल्यावर, १८२१ साली, ह्याच पानिपतात नायब तहसीलदाराच्या हुद्द्यावर असलेल्या सुंदरलाल माथुर नावाच्या दिल्लीकर कायस्थाला एक मुलगा झाला. त्याचे नाव रामचंद्र. पुढे दिल्ली शहरात तो मास्टर रामचंद्र म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि त्याने लिहिलेले गणिताचे एक पुस्तक खुद्द ईस्ट इंडिया कंपनीच्या आज्ञेने लंडनमध्ये पुन्हा छापले गेले. पानिपत आज हरियाणात असले तरी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. तेव्हा त्याला दिल्ली परिसराचाच पुत्र म्हणावयास हरकत नाही.

योगायोग असा, की त्याच १८२१ साली पुण्यात परांजपे घराण्यात नृसिंह नावाचा मुलगा जन्मला. काशीच्या संस्कृत पाठशाळेचे गणिताध्यापक बापूदेवशास्त्री म्हणून पुढे त्यांची कीर्ती झाली. एकमेकांपासून शेकडो कोस दूर वाढलेल्या ह्या दोन मुलांपुढे बालपणी एकच अडचण होती. शाळेत नेमलेला हिशेब त्यांना पुरत नव्हता. असा मुलगा प्रत्येक गावात, प्रत्येक पिढीत एखादा तरी निघतोच. इतर मुले पाढ्याशी झगडत असतात आणि हा खिडकीबाहेर पाहत असतो. त्याच्या हाती पुढचे काय द्यावयाचे आणि ते कोणी द्यावयाचे, ह्या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकात दिल्लीत एकदा फार सुंदर उत्तर मिळाले होते.

त्या काळच्या शाळा कशा होत्या, हे आधी ध्यानात घ्यावे लागेल. महाराष्ट्रात पंतोजी होते, धूळपाटी होती. उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकीपासून सवायकी, दीडकी, अडीचकीपर्यंत सारे मुखोद्गत होत असे. तोंडी हिशेबात ती मुले आजच्या मुलांना सहज हरवतील. पण हे गणित दुकानापुरते आणि दप्तरापुरते होते. मण आणि शेर, व्याज आणि मुदत, बिघा आणि पांड एवढे आले की पंतोजीचे काम संपले. दिल्लीच्या मक्तबात तर गणिताला ह्याहूनही कमी जागा होती. तेथे फारसीचे गद्यपद्य आणि सुंदर अक्षर ह्यांचा मान मोठा. अरबी मदरशात वरच्या पायरीवर युक्लिडची भूमिती शिकविली जाई, पण तेथवर पोहोचणारे विद्यार्थी फार थोडे.

ज्याला गणिताची खरी भूक होती त्याच्यासाठी देशात एक जुना खजिना होता, तो भास्कराचार्यांचा. ‘लीलावती’ हा ग्रंथ पुष्कळ अंशी चतुर मुलांसाठीच रचलेला वाटतो. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला, त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकला, तर तो किती उंचीवर मोडला, असले प्रश्न त्यात आहेत. उत्तर बारा हात येते. पण ते काढताना मुलाला कर्णाचा वर्ग आणि बाजूंचे वर्ग ह्यांचे नाते कळून जाते. १२०७ साली भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने भास्करीय ग्रंथांच्या अध्ययनासाठी एक मठ स्थापन केला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ही हकीकत कोरलेली आहे, आणि तो लेख उजेडात आणण्याचे श्रेय मुंबईच्या डॉ. भाऊ दाजींना आहे. एका गणितज्ञाच्या पुस्तकांसाठी स्वतंत्र मठ आणि त्याला नेमून दिलेले उत्पन्न, ही गोष्ट आजही थोडी विस्मयकारकच वाटते.

ही पुस्तके सह्याद्रीच्या पायथ्याशीच राहिली नाहीत. अकबराच्या आज्ञेने फैजीने १५८७ साली ‘लीलावती’ फारसीत आणली. शाहजहानच्या कारकिर्दीत अताउल्ला रशीदीने ‘बीजगणित’ फारसीत उतरविले. ह्याच फारसी भाषांतरावरून एडवर्ड स्ट्रेची ह्याने १८१३ साली बीजगणिताचे इंग्रजी रूपांतर केले, आणि चार वर्षांनी कोलब्रुकने मूळ संस्कृतावरून दुसरे केले. म्हणजे पुस्तक दिल्लीत आले आणि दिल्लीमार्गे विलायतेसही गेले. दिल्लीच्या शाळेत बसलेल्या मुलापर्यंत मात्र ते पोहोचत नव्हते.

रामचंद्र दहा वर्षांचा असताना, १८३१ साली, त्याचे वडील वारले. मागे विधवा आई आणि सहा मुलगे. १८३३ साली दिल्लीच्या सरकारी इंग्रजी शाळेत त्याचे नाव घालण्यात आले आणि तेथे त्याने सहा वर्षे काढली. ह्या शाळेत इंग्रजी भाषेवर सारा भर होता. गणिताकडे फारसे लक्ष दिले जात नसे. पोराला मात्र त्याचीच गोडी लागली. मिळतील ती इंग्रजी पुस्तके आणावी, घरी बसून एकट्याने वाचावी, अडले तर आपणच सोडवावे, असा त्याचा क्रम होता. शाळा सुटल्यावर पोटासाठी त्याला दोनतीन वर्षे लेखनिकाची नोकरी करावी लागली. अशा वेळी बुद्धिमान मुलाची गाडी बहुधा कायमचीच आडमार्गाला लागते. पण १८४१ साली शिक्षणखात्यात फेरबदल झाले, दिल्ली कॉलेजात चढाओढीची परीक्षा ठेवण्यात आली आणि तीत उतरून रामचंद्राने महिना तीस रुपयांची वरिष्ठ शिष्यवृत्ती मिळविली.

ह्याच दिल्लीत १२२ वर्षांनी, १९६३ साली, राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने विज्ञानातील होतकरू विद्यार्थी निवडण्याची योजना प्रथम केवळ दिल्लीपुरती सुरू केली आणि दहा शिष्यवृत्त्या दिल्या. पुढील वर्षी ती देशभर पसरली. कल्पना तीच, चाळणी लावून दाणे वेचण्याची. रामचंद्राच्या वेळी चाळणी आपोआप लागली, आणि ती आणखी दोन वर्षे उशिरा लागती तर तो कदाचित कचेरीतच राहता.

नागपुरात त्याच सुमारास काय घडले ते पाहण्याजोगे आहे. बापूदेवांचे मराठी शिक्षण नागपूरच्या शाळेत झाले, आणि तेथेच ढुंढिराज मिश्र नावाच्या कान्यकुब्ज पंडितांकडे त्यांनी लीलावती आणि बीजगणित ह्यांचा अभ्यास केला. १८३८ साली लॅन्सेलॉट विल्किन्सन ह्या इंग्रज अधिकाऱ्याची दृष्टी ह्या मुलावर पडली. विल्किन्सन हा भोपाळ संस्थानचा पोलिटिकल एजंट. सीहोर येथे त्याने एक पाठशाळा चालविली होती. पृथ्वी गोल आहे आणि फिरते आहे हे युरोपीय पुस्तकांच्या आधारे सांगून पंडितांना पटणार नाही, परंतु त्यांच्याच सिद्धान्तग्रंथांतून आरंभ करून तेथवर नेता येईल, असा त्याचा विश्वास होता. त्याच्या सहवासात सुबाजी बापू ह्या पंडितांनी मराठीत ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तकही लिहिले. विल्किन्सनने बापूदेवांना सीहोरला नेले. तेथे त्यांना सिद्धान्तांच्या जोडीला युक्लिडची भूमिती शिकावयास मिळाली, आणि १८४२ साली ते काशीच्या पाठशाळेत अध्यापक झाले. वय अवघे वीस-एकवीस.

दोघांच्या वाटांत फरक आहे. बापूदेवांना आधी घरचे गणित मिळाले आणि मग परके. घरच्याच पायावर परकी भिंत चढली. रामचंद्राला घरचे काहीच मिळाले नव्हते. त्याने परक्या पुस्तकांत एकट्याने डोके घातले, आणि पुढे त्या पुस्तकांतून घरच्या भाषेकडे व घरच्या पद्धतीकडे तो आपण होऊन वळला. त्याचे हे वळणे अधिक अवघड होते असे म्हणावे लागते.

१८४४ च्या फेब्रुवारीत, शिष्यवृत्तीत कुटुंबाचे भागेना म्हणून, रामचंद्रांनी दिल्ली कॉलेजच्या पौर्वात्य शाखेत पन्नास रुपये पगारावर शिक्षकाची जागा पत्करली. अजमेरी दरवाजाजवळ गाजीउद्दीनच्या जुन्या मदरशात १८२५ साली हे कॉलेज स्थापन झाले होते. त्याची इंग्रजी शाखा वेगळी आणि अरबी, फारसी, संस्कृत शिकविणारी पौर्वात्य शाखा वेगळी. ह्या दुसऱ्या शाखेत युरोपीय विज्ञान आणि गणित शिकवावयाचे, पण इंग्रजीतून नव्हे तर उर्दूतून, असे फ्रेंच प्राचार्य बुत्रो ह्यांनी ठरविले होते. पुस्तके नव्हती. तेव्हा शिक्षकांनीच ती तयार करावयाची. रामचंद्रांनी बीजगणित, त्रिकोणमिती, शंकुच्छेद आणि कलनशास्त्र ह्या विषयांवर उर्दू पुस्तके उतरविली. हे काम नुसत्या भाषांतराचे नव्हते. बीजगणिताला अरबी परंपरेतले ‘जब्र ओ मुकाबला’ हे नाव तयार होते. कलनशास्त्रासाठी मात्र शब्द घडवावे लागले. मुंबई इलाख्यात कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत ह्यांनी हटनच्या गणिताचे ‘शिक्षामाला’ हे मराठी रूप केले, तेव्हा त्यांनाही हीच घडामोड करावी लागली होती.

ह्या वर्गात बसणारी मुले लहान होती. झकाउल्ला नावाचा मुलगा बारा वर्षांचा असताना येथे आला. पुढे उर्दूतील थोर गद्यलेखक ठरलेले नझीर अहमद आणि मुहम्मद हुसेन आझाद हेही ह्याच कॉलेजचे विद्यार्थी. अशा मुलाला तर्क समजतो, भाषा अवगत असते, युक्लिडही ऐकून ठाऊक असतो. पण अनंत लहान वाढीची कल्पना, सीमेची कल्पना, कलनशास्त्राची ती सारी आडवाटेची चिन्हे त्याच्यापुढे एकदम टाकली तर तो पाठ करील आणि विसरून जाईल. रामचंद्रांना ही अडचण रोज दिसत असली पाहिजे. त्यांचे पुस्तक निघाले ते ह्या वर्गाच्या सान्निध्यात, आणि म्हणूनच त्याची परीक्षा करताना तो वर्ग दृष्टीआड करून चालत नाही.

१८५० साली कलकत्त्यात छापलेल्या त्या इंग्रजी पुस्तकाचे नाव मराठीत सांगावयाचे तर ‘महत्तम आणि लघुतम ह्यांच्या प्रश्नांचा बीजगणिताने उलगडा’ असे होईल. एखादी राशी जास्तीत जास्त किंवा कमीत कमी केव्हा होते, ह्या प्रकारचे प्रश्न सामान्यतः कलनशास्त्राने सोडवितात. रामचंद्रांनी ते केवळ समीकरणांनी सोडवून दाखविले. त्यांची युक्ती कशी आहे, हे एका साध्या उदाहरणावरून कोणालाही कळेल.

वीस हात दोरी घेऊन तिने जमिनीवर एक आयत आखावयाचा आहे. जागा जास्तीत जास्त कशी मिळेल? लांबी आणि रुंदी मिळून दहा हात व्हावयाचे. एक आणि नऊ घेतले तर क्षेत्रफळ नऊ. दोन आणि आठ घेतले तर सोळा. तीन आणि सात घेतले तर एकवीस. चार आणि सहा, चोवीस. पाच आणि पाच, पंचवीस. चौथीतला मुलगाही येथवर बोटे मोजून येईल आणि पंचवीस हे उत्तर सांगेल. पण मधले अपूर्णांक कोणी तपासले? पावकी-निमकी येणारा मुलगा लगेच विचारील, पावणेपाच आणि सवापाच घेतले तर? गुणाकार पंचविसाहून किंचित कमीच येतो. पण सारे अपूर्णांक असे तपासून संपणार नाहीत. येथेच त्या मुलाला पुढची पायरी दाखविण्याची वेळ येते.

रामचंद्रांची रीत उलट्या टोकाने सुरू होते. मोठ्यात मोठे उत्तर शोधण्याऐवजी ती विचारते, की हवे ते क्षेत्रफळ मागा आणि ते मिळते का पाहा. समजा सव्वीस मागितले. एक बाजू अज्ञात धरली, दुसरी दहातून ती वजा करून, आणि दोहोंचा गुणाकार सव्वीस मांडला, की वर्गसमीकरण तयार झाले. ते सोडविताना पाचाच्या वर्गातून, म्हणजे पंचविसातून, सव्वीस वजा करून उरणाऱ्या राशीचे वर्गमूळ घ्यावे लागते. उरतो उणे एक. उणे राशीला वर्गमूळ नाही. ती कशाचाही वर्ग होऊ शकत नाही, हे भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’तच सांगून ठेवले आहे. म्हणजे सव्वीस अशक्य. साडेपंचवीस मागा, तरी वर्गमुळाखाली उणे अर्धा येतो. पंचवीस मागितले की वर्गमुळाखाली शून्य येते आणि दोन्ही बाजू पाच ठरतात. पंचविसाच्या पलीकडे एक केसभरही जाता येत नाही, आणि हे एकही अपूर्णांक न तपासता सिद्ध झाले.

मुलाच्या हाती जे हत्यार आधीपासून आहे, त्यानेच त्याला पुढच्या मुलुखातले काम करून दाखवावे, असा हा प्रकार आहे. वर्गसमीकरण येणाऱ्याला नवे चिन्ह एकही शिकावे लागत नाही. आणि एक गोष्ट त्याच्या मनात कायमची ठसते: गणितात ‘अशक्य’ असे उत्तर आले म्हणजे काम फुकट गेले असे नाही, तेथे सरहद्द सापडलेली असते. पुस्तकात ह्याहून कितीतरी कठीण प्रश्न आहेत, भूमितीतील आकृत्यांचेही पुष्कळ आहेत. समीकरण तिसऱ्या घाताचे झाले की युक्ती वाढवावी लागते, आणि तेथे रामचंद्रांच्या हाताची सफाई दिसते. परंतु मूळ विचार हाच आहे.

कलकत्त्यात ह्या पुस्तकाचे स्वागत झाले नाही. स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकावर तेथल्या इंग्रजी नियतकालिकांनी प्रतिकूल टीका केली. कलनशास्त्र हाताशी असताना ही लांबची वाट कशाला, असा त्या टीकेचा रोख असावयाचा. आणि संशोधन म्हणून पाहिले तर तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. पण नदीवर पूल असताना पोहणे कशाला शिकवावयाचे, असे कोणी विचारावे, तसलाच हा आक्षेप आहे. सुदैवाने ड्रिंकवॉटर बेथ्यून, ज्यांचे नाव कलकत्त्याच्या मुलींच्या शाळेमुळे सर्वांना परिचित आहे, त्यांनी पुस्तकाच्या काही प्रती घेतल्या आणि त्यांतून एक प्रत लंडनला ऑगस्टस डी मॉर्गन ह्यांच्या हाती गेली.

डी मॉर्गन हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. त्यांचा जन्म १८०६ साली मदुरेस झालेला. वर्षाचे होण्यापूर्वीच ते विलायतेस गेले, पण हिंदुस्थानविषयी त्यांना जन्मभर आस्था होती. मुख्य म्हणजे ते हाडाचे शिक्षक होते. गणित शिकताना विद्यार्थी नेमका कोठे अडतो, ह्या विषयावर त्यांनी १८३१ सालीच एक पुस्तक लिहिले होते. रामचंद्रांच्या पुस्तकात त्यांना दोन गोष्टी दिसल्या. ग्रीकांची बुद्धी भूमितीत रमली तशी हिंदूंची बीजगणितात रमली, असे त्यांचे मत होते, आणि हे पुस्तक त्या जुन्या वृत्तीचे पुन्हा उगवलेले रोप आहे असे त्यांना वाटले. दुसरे, कलनशास्त्राच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थ्याला अशा अभ्यासाचा मोठा उपयोग आहे, मग तो विद्यार्थी दिल्लीचा असो की लंडनचा. त्यांनी कंपनीच्या संचालक मंडळाकडे शिफारस केली. मंडळाने रामचंद्रांना पाच वस्त्रांची खिलत आणि दोन हजार रुपये दिले, आणि १८५९ साली डी मॉर्गन ह्यांच्या देखरेखीखाली पुस्तकाची लंडन आवृत्ती निघाली. हिंदुस्थानच्या राष्ट्रीय प्रगतीचे साधन म्हणून स्वतंत्र विचाराला मंडळ किती महत्त्व देते, ह्याची साक्ष म्हणून हे पुनर्मुद्रण करीत आहोत, अशा आशयाचा मजकूर तिच्या मुखपृष्ठावर आहे. ह्या मजकुरातली खोच काळानेच घातली. पुस्तक बाहेर पडले तेव्हा कंपनीचे राज्य संपून वर्ष होत आले होते.

मध्यंतरी दिल्लीचे काय झाले होते? १८५२ च्या जुलैत रामचंद्रांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. शहरात केवढी खळबळ उडाली असेल ह्याची कल्पना सहज करता येईल. विद्यार्थ्यांच्या आईबापांचा विश्वास डळमळला, आप्त दुरावले. १८५७ च्या मेमध्ये मीरतहून शिपाई दिल्लीत शिरले तेव्हा कॉलेजचे प्राचार्य टेलर मारले गेले, ग्रंथालय लुटले गेले, आणि रामचंद्रांबरोबर दीक्षा घेतलेले डॉक्टर चिमणलाल ह्यांचाही वध झाला. रामचंद्र काही दिवस लपून राहिले आणि मग शहराबाहेर निसटून इंग्रजांच्या छावणीत गेले. इंग्रजांनी शहर परत घेतल्यावर ते दिल्लीत आले, तर तेथे काही इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना मारहाण केली. त्यांच्या लेखी हा एक काळा माणूस, एवढेच. रामचंद्रांनी त्याबद्दल लेखी तक्रार केली. एका बाजूला लंडनमध्ये त्यांचे नाव मुखपृष्ठावर छापले जात होते आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या शहरात रस्त्याने सुरक्षित चालणे त्यांना कठीण झाले होते.

कॉलेज १८५७ साली बंद पडले. ते १८६४ साली पुन्हा उघडले आणि १८७७ साली त्याचे वरचे वर्ग लाहोरच्या कॉलेजात विलीन करण्यात आले. पण उर्दूतून उच्च गणित शिकविणारा तो वर्ग काही पुन्हा भरला नाही. रामचंद्र १८५८ साली रुडकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आणि नंतर त्याच वर्षी दिल्लीच्या नव्या जिल्हा शाळेत मुख्याध्यापक झाले. १८६३ साली त्यांनी कलनशास्त्राच्या एका नव्या रीतीवर दुसरे पुस्तक छापले. त्याला डी मॉर्गन भेटला नाही. पुढे पतियाळाच्या बालराजांचे शिक्षक आणि मग त्या संस्थानचे शिक्षणसंचालक म्हणून त्यांनी काम केले. १८८० साली त्यांचे निधन झाले.

गणिताच्या इतिहासात रामचंद्रांना जागा मिळाली ती बहुधा एक कौतुकाची गोष्ट म्हणून: मागासलेल्या देशातील एक स्वयंशिक्षित बुद्धिमान पुरुष आणि त्याची कदर करणारा उदार इंग्रज पंडित. १९९० साली ध्रुव रैना आणि एस. इरफान हबीब ह्या अभ्यासकांनी हा पडदा बाजूस सारला आणि रामचंद्रांचे पुस्तक हा एक अर्धवट राहून गेलेला शिक्षणप्रयोग होता, असे दाखविले. ते योग्यच आहे. खिलत मिळाली, रुपये मिळाले, दोन खंडांत पुस्तक छापले गेले; फक्त ज्या मुलांसाठी ते लिहिले होते त्यांच्या वर्गात ते गेले नाही. इंग्रजी शाळांत इंग्लंडचा अभ्यासक्रम आला, त्याच्या परीक्षा आल्या, आणि अभ्यासक्रमात नसलेला प्रश्न मुलापुढे ठेवण्याची सवड शिक्षकाला उरली नाही. काशीस बापूदेवांच्या हाती एक चालती संस्था होती. त्यांनी तेथे १८८९ पर्यंत शिकविले आणि पाठोपाठ सुधाकर द्विवेदींसारखा गणिती त्याच पाठशाळेत उभा राहिला. दिल्लीत माणूस तितकाच मोठा होता. त्याच्या पायाखालची संस्था मात्र गेली.

तरी एक धागा तुटला नाही. बाराव्या वर्षी त्या वर्गात आलेला झकाउल्ला रामचंद्रांचा आवडता विद्यार्थी होता. ते मोठे झाले, शाळा तपासनीस झाले, अलाहाबादच्या म्योर सेंट्रल कॉलेजात अध्यापक झाले, आणि जन्मभर त्यांनी उर्दूत गणिताची पुस्तके लिहिली. ती उत्तर हिंदुस्थानच्या शाळांत चालली. मातृभाषेतून शिकविलेलेच मुलाच्या अंगी मुरते, हे मत त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. १९१० साली दिल्लीत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या उत्तरायुष्यात त्यांचा स्नेह जोडणाऱ्या सी. एफ. अँड्र्यूज ह्यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. जुन्या दिल्लीची अदब आणि त्या कॉलेजची आठवण एका माणसात कशी टिकून होती, हे त्यात वाचावयास मिळते.

आज देशातल्या असंख्य शाळांत दहावीला जे गणिताचे पुस्तक लावले जाते, ते दिल्लीच्याच राष्ट्रीय परिषदेने तयार केलेले आहे. त्यात वर्गसमीकरणाच्या धड्याखाली एक उदाहरण आहे: परिमिती ८० मीटर आणि क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर असे आयताकृती उद्यान आखता येईल का? वर्गमुळाखाली शून्य येते, दोन्ही बाजू वीस ठरतात, आणि ‘येईल’ असे उत्तर लिहून मुले पुढच्या धड्याकडे वळतात. ४०१ चौरस मीटर हवे असतील तर काय, असे तेथे विचारलेले नाही.